पियानोवर आवडते गाणे वाजवायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी जे विद्यार्थी शिकायला येतात, त्यांत आठ वर्षांच्या मुलांपासून नोकरीतून निवृत्त झालेल्या काका-काकूंपर्यंत सगळे असतात, आणि बहुतेकांच्या मनात पहिल्याच दिवशी एखादे गाणे ठरलेले असते. ‘बाकी काही आले नाही तरी चालेल, पण हे एवढे वाजवता आले पाहिजे,’ असे ते थोड्या संकोचाने सांगतात. त्या संकोचाचे काही कारण नाही. अशा विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांच्या कानावर लहानपणापासून पेटी, तबला आणि गाणे पडत आले, पण ज्यांनी पियानोला कधी हात लावलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

अलंकार, सरगम काही न शिकता थेट गाणेच शिकता येईल का?

येईल, परंतु एका अटीवर. ते गाणे आधी तुमच्या तोंडात पक्के बसलेले असले पाहिजे. ‘मला ते पाठ आहे’ असे प्रत्येक जण म्हणतो. मग मी मुखडा गाऊन दाखवायला सांगते. पहिली ओळ छान होते, दुसरीच्या मध्यावर शब्द संपतात आणि ‘ना ना ना’ सुरू होते, आणि अंतऱ्याच्या शेवटी मुखड्यावर परत कसे यायचे तेथे तर सरळ हसू येते. पुढे महिनाभराने बोटे नेमकी त्याच तीन ठिकाणी अडखळतात. याला बोटांचा दोष म्हणता येत नाही, कारण जे गळ्याला ठाऊक नाही ते बोटांना कोठून ठाऊक असणार?

म्हणून पहिला आठवडा पट्ट्यांना हात न लावता घालवावा. ध्वनिमुद्रण बंद करावे, हाताने टाळी-खालीसह ताल धरावा आणि एक मुखडा व एक अंतरा सलग म्हणावा. आवाज गोड असण्याची गरज नाही. स्वर कोठे चढतो, कोठे उतरतो आणि श्वास कोठे घेतला जातो एवढे स्पष्ट असले की पुरे. अलंकार नंतर शिकावेच लागतात, पण ते गाण्यातल्या अडलेल्या जागेसाठी शिकले तर कंटाळवाणे वाटत नाहीत.

सुरुवातीला कोणते गाणे निवडावे?

ज्याची चाल मुख्यतः शेजारशेजारच्या स्वरांवरून फिरते, जे एका सप्तकाच्या आसपास मावते, ज्याची लय संथ किंवा मध्यम आहे आणि ज्याचा मुखडा वरचेवर परत येतो, असे गाणे नवशिक्याला सोयीचे पडते. आरत्या, साधे अभंग, अंगाईगीते आणि जुनी भावगीते यांत अशी अनेक सापडतात. याउलट ज्या गाण्याचे सौंदर्य तानांत किंवा वाद्यमेळाच्या तुकड्यांत आहे, ते पियानोच्या एकाच सुरावटीत उतरवले की ओळखूही येत नाही.

तुमचे आवडते गाणे अवघड निघाले तर ते सोडून देऊ नये. त्याचा फक्त मुखडा घ्यावा. दुसऱ्या, ‘सोप्या’ पण न आवडणाऱ्या गाण्यावर तीन महिने घालवणारा विद्यार्थी सहसा चौथ्या महिन्यात दिसत नाही.

त्यासाठी पियानोच घ्यावा लागेल का? घरात कीबोर्ड आहे.

कीबोर्ड चालेल. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात; नाव काहीही असो, त्याला ६१ पट्ट्या असाव्यात आणि पट्टी हलकी दाबली तर आवाज हलका व जोरात दाबली तर मोठा निघावा, एवढी दोन लक्षणे पाहून घ्यावीत. दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते, आणि किती जोराने आपटावी हे बोट ठरवते. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० सालाच्या सुमारास ही रचना केली. हळू आणि जोरात अशा दोन्ही प्रकारे वाजवता येणे हेच तिचे वैशिष्ट्य होते, आणि ‘पियानो’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘हळू’ असा आहे. जो कीबोर्ड हा फरक दाखवत नाही, त्यावर गाणे वाजते, पण त्या गाण्याला चढउतार राहत नाही.

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. नवशिक्याच्या गाण्याला त्यांतल्या निम्म्याही लागत नाहीत. पुढे शिकणे टिकले, तर जड पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. तारांचा खरा पियानो घेण्याआधी मात्र बडोदेकरांनी घराचा मजला आणि विश्वामित्री नदीचे अंतर दोन्ही ध्यानात घ्यावे. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्यांना याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. कीबोर्ड काखेत घेऊन जिना चढता येतो, दोन-अडीचशे किलोंचा पियानो तेथेच राहतो.

मला पेटी येते. मग पियानो लगेच येईल ना?

कान तयार असल्यामुळे उजवा हात लवकर येईल. अडचण तीन ठिकाणी येते. पहिली अशी की पेटीवर डावा हात भाता हलवण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे त्याला स्वरांची सवयच नसते. दुसरी अशी की पेटीतला स्वर हवा आहे तोवर टिकतो, पियानोतला स्वर निघाल्या क्षणापासून विरत जातो. लांबलेल्या शब्दावर पेटीवाल्याचे बोट निवांत बसून राहते आणि पियानोवर तेथे पोकळी ऐकू येते. तिसरी अडचण आवाजाची. पेटीत लहानमोठा आवाज भात्यातून येतो, येथे तो प्रत्येक बोटातून स्वतंत्रपणे काढावा लागतो.

पेटीवाल्यांचा एक मोठा फायदाही आहे, तो म्हणजे ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही नावे. मी मुद्दाम तीच वापरते. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडे असते ती पांढरी एक. तेथून उजवीकडे पांढऱ्या सातपर्यंत आणि काळ्या पाचपर्यंत मोजत जावे. एकदा ती जोडी ओळखता आली की पट्ट्यांवर नावांचे रंगीत कागद चिकटवण्याची गरज उरत नाही. कागद चिकटवलेला विद्यार्थी कागद वाचतो, पट्टी पाहत नाही.

गाणे कोणत्या पट्टीत वाजवावे?

मराठीत बोटाखालच्या फळीलाही पट्टी म्हणतात आणि गाण्याच्या उंचीलाही पट्टीच म्हणतात. त्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ होतो खरा, पण दोन्हींचे नाते त्या एका शब्दात बरोबर पकडलेले आहे. ‘माझी पट्टी काळी चार’ याचा अर्थ मी काळ्या चौथ्या पट्टीला सा मानून गाते.

गाणे शक्यतो तुमच्या स्वतःच्या गळ्याच्या पट्टीत वाजवावे. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधावा, ते दोन्ही तुम्हाला न ताणता गाता येतील अशी जागा ठरवावी आणि त्या जागी सा धरावा. पुरुषांना बहुधा काळी एक किंवा पांढरी दोन यांच्या आसपास आणि स्त्रियांना पांढरी चार ते काळी पाच यांच्या दरम्यान ही जागा सापडते. लहान मुलांचे ज्याचे त्याने पाहावे. मूळ गायिकेची पट्टी तुमच्यापेक्षा चार-पाच पट्ट्या वर असू शकते, आणि ती जशीच्या तशी घेतली तर तुम्ही गाणे बंद करून नुसती बोटे चालवू लागता. गाणे थांबले की चुका कानाला कळेनाशा होतात.

‘पण पांढऱ्या एकपासून सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात, ते सोपे नाही का?’ डोळ्यांना सोपे आहे. हाताला तितकेसे नाही, कारण मधली तीन बोटे लांब आहेत आणि काळ्या पट्ट्या उंच व आत असल्यामुळे ती बोटे त्यांवर आपोआप नीट बसतात. शोपँ हा पियानोचा थोर रचनाकार आपल्या विद्यार्थ्यांना पाचही काळ्या पट्ट्या असलेले सप्तक आधी शिकवत असे, ते याच कारणाने. काळी एक सा धरून शुद्ध स्वरांचे सप्तक वाजवले तर पाच काळ्या आणि दोनच पांढऱ्या पट्ट्या लागतात. मुले आधी घाबरतात, आठवड्यानंतर पांढऱ्या एकवर परत जायला तयार नसतात.

कीबोर्डवर सगळे स्वर वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोजचे बटण आहे. ते दाबून पांढऱ्या एकपासूनच वाजवले तर काय बिघडते?

माझी स्वतःची फजिती सांगते. शिकत असताना मी एक भावगीत महिनाभर याच पद्धतीने बसवले. बटण दाबून यंत्र काळी एकवर नेलेले, बोटे मात्र पांढऱ्या एकवर. मग एका नातेवाइकांच्या घरी साखरपुड्याला गेले, तेथे दिवाणखान्यात खरा पियानो होता, आणि माझ्या मावसबहिणीने आपल्या नेहमीच्या पट्टीत, तानपुऱ्याच्या यंत्रावर गाणे सुरू केले. मी पहिला स्वर दाबला आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. माझी सगळी बोटे बरोबर पडत होती आणि सगळे स्वर चुकत होते. पियानोला बटण नसते. दोन ओळींनंतर मी हात मांडीवर घेतले, आणि उरलेले गाणे तिने एकटीने म्हटले.

घाईच्या वेळी, कोणाला साथ करायची असताना, ते बटण उपयोगी आहे यात शंका नाही. शिकताना मात्र ते शून्यावर ठेवावे, आणि सरावाला बसताना खरोखर शून्यावर आहे ना हे पाहून घ्यावे.

स्वर कानाने कसे शोधायचे?

आधी सा शोधावा. गाण्याची ओळ म्हणून झाल्यावर ज्या स्वरावर थांबले की काही उरल्यासारखे वाटत नाही, तो बहुतेक वेळा सा असतो. तो लांब धरून गुणगुणत राहावे आणि पट्ट्या एकेक करून दाबत जाव्यात. जुळणारी पट्टी आली की आवाज तिच्यात विरघळतो. त्यानंतर पहिल्या शब्दाचा पहिला स्वर सा पासून वर आहे की खाली, किती पायऱ्यांवर आहे, हे सरगम म्हणत मोजावे. एका दिवसात एकच ओळ शोधावी. चूक झाली तर ती बहुधा एका पट्टीची असते, आणि ती शुद्ध-कोमलाची असते: गंधार शुद्ध समजून वाजवला आणि गाण्यात तो कोमल निघाला. अशा वेळी एका पट्टीने डावीकडे सरकून पाहावे.

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वापरावी की पाच रेघांची पाश्चात्त्य?

ज्या पद्धतीत तुम्ही विचार करता ती. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात सा रे ग म असते, म्हणून मी वहीत तेच लिहायला लावते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू, मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, आणि प्रत्येक मात्रेला एक घर. त्याखाली शब्द आणि त्याखाली बोटांचे आकडे लिहिले की एका पानात मुखडा बसतो. सा कोठेही नेला तरी हे पान तसेच चालते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. डाव्या हाताचे काम वाढू लागले की पाच रेघा शिकाव्यात, कारण एकाच वेळी वाजणारे चार स्वर त्यांत जसे एका दृष्टिक्षेपात दिसतात तसे सरगमीत दिसत नाहीत.

गाणे कागदावर लिहिले की त्याचा जीव जातो, असे म्हणणारे अजून भेटतात. बडोद्यात तरी हा वाद जुना झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने संगीतज्ञ मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली, ती स्वरलिपीच्या आधारानेच. आणि वरची स्वरलिपी घालून देणाऱ्या भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरली, तीही याच शहरात.

कोणते बोट कोठे ठेवायचे हे कसे ठरवावे?

दोन्ही हातांत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी म्हणजे ५. पेटीवरचे १ पासून मोजण्याचे आकडे वेगळे असतील तर ते येथे विसरावेत.

समजा पांढरी एक हा सा आहे आणि आठ मात्रांच्या केरव्यात अशी एक ओळ आहे: ‘ग ग रे ग । म – ग रे’, पुढच्या आवर्तनात नुसता लांब ‘सा’, आणि त्यानंतरची ओळ ‘ग म प ध । प म ग –’. पहिल्या ओळीसाठी अंगठा सा वर ठेवला की बोटे ३ ३ २ ३ । ४ – ३ २ अशी येतात आणि शेवटचा सा अंगठ्यावर पडतो. हात जागचा हलत नाही. आता दुसऱ्या ओळीत धैवत आहे. अंगठा सा वरच राहिला तर करंगळी पंचमापर्यंत पोहोचते आणि धैवत हाताबाहेर राहतो. नवशिका येथे करंगळी ताणतो, मनगट वाकडे होते आणि धैवत दचकल्यासारखा वाजतो.

त्याऐवजी लांब ‘सा’ चालू असताना हात उचलून अंगठा गंधारावर आणावा. मग ओळ १ २ ३ ४ । ३ २ १ अशी सहज बसते. हात उचलण्याची ही जागा मी मनाने ठरवलेली नाही. गाणारा तेथेच श्वास घेतो. गाण्यात जेथे श्वास, तेथे हाताचे स्थलांतर, हा नियम शंभरातल्या बहुतेक ओळींना लागू पडतो, आणि म्हणूनच मी सुरुवातीचा आठवडा गाण्यात घालवायला सांगते. दोन श्वासांच्या मध्ये हात हलवला तर शब्द तुटतो आणि ऐकणाऱ्याला कारण न कळताही खटकते.

हीच ओळ पांढरी चार सा धरून वाजवली तर शुद्ध मध्यम काळी पाचवर जातो, पण दोन्ही ओळींना बोटांचे हेच आकडे चालतात. मात्र एकदा ठरवलेली बोटे रोज बदलू नयेत. पेन्सिलीने लिहावीत, आठवडाभर पाळावीत, आणि त्रास होत असेल तरच खोडावीत.

डाव्या हाताने काय करावे?

पहिले काही आठवडे काहीही नाही. त्यानंतर फक्त सा, प्रत्येक आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकदा. तो तानपुऱ्यासारखा वाजत राहिला की उजव्या हाताला आधार मिळतो आणि दोन हात एकत्र पडण्याची पहिली भीती जाते. पुढे सा-प जोडी घ्यावी.

तेवढे जमले की तीन कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबायच्या तीन-तीन स्वरांच्या गटांवर, यावे: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. शुद्ध स्वरांची असंख्य साधी गाणी एवढ्यावर निभतात. त्या तिन्ही मुळापासून धरल्या तर डावा हात पट्ट्यांवर उड्या मारू लागतो. म्हणून दुसरी ‘सा-म-ध’ अशी आणि तिसरी ‘मंद्र नी-रे-प’ अशी उलटून धरावी. मग एखाददुसरे बोट शेजारच्या पट्टीवर सरकते आणि काम होते. कोणती कॉर्ड कोठे हे ठरवताना समेवर किंवा जोरकस मात्रेवर चालीचा कोणता स्वर आहे ते पाहावे, आणि तो स्वर ज्या कॉर्डमध्ये असेल ती वाजवून पाहावी. दोन कॉर्ड चालत असतील तर कानाला विचारावे. गाण्यात गंधार कोमल असेल तर पहिली कॉर्डही कोमल गंधाराचीच हवी, हे सांगायला नको, तरी दर वर्षी सांगावे लागते.

रागावर बांधलेल्या गाण्याला कॉर्ड लावल्या तर राग बिघडत नाही का?

बिघडू शकतो, आणि ही शंका घेणाऱ्याचे मला कौतुक वाटते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. वर सांगितलेल्या दुसऱ्या कॉर्डमध्ये मध्यम आहे आणि तिसरीत निषाद. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, त्यामुळे तेथे सा-प ही निरुपद्रवी वाटणारी जोडीसुद्धा चालत नाही. गवई मालकंसाला तानपुऱ्याची तार मध्यमात लावतात, तसे आपणही डाव्या हातात सा-म धरावे. रागाशी प्रामाणिक असलेल्या गाण्याला कमीत कमी कॉर्ड द्याव्यात. चित्रपटगीतांत मूळ संगीतकारानेच मोकळेपणा घेतलेला असतो, तेथे आपण सोवळे पाळण्यात अर्थ नाही.

मींड आणि मुरक्या पियानोवर कशा काढायच्या?

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधली जागा पियानोत नसते. हीच तक्रार पेटीबद्दल होती, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हा हा आक्षेप अग्रभागी होता. शिवाय पियानोतले बारा स्वर सारख्या अंतरांवर बांधलेले असतात. त्यामुळे त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. मापात सांगायचे तर एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केल्यास सुमारे १४ भागांनी. तयार कानाला हे जाणवते आणि काही दिवस त्रास होतो.

मग करायचे काय? सुरुवातीला सगळ्या हरकती गाळून चालीचा सांगाडा वाजवावा. तो लयीत बसल्यावर कणस्वर घालावेत: गंधारावर जाताना मध्यमाला ओझरता स्पर्श, आणि लगेच गंधार. लहान मुरकी तीन-चार बोटांत बसते. लांब मींडेच्या जागी मात्र दोनच स्वर सलग, पहिले बोट दुसरे पडेपर्यंत न उचलता, आणि दुसरा स्वर थोडा हलका असे वाजवावे. ऐकणाऱ्याला मूळ गाणे ठाऊक असेल तर मधली मींड तो मनात भरून घेतो.

कीबोर्डमधला तयार ठेका लावून सराव करावा का?

आधी नको. तयार ठेक्याच्या गोंगाटात आपले स्वर उशिरा पडतात हे कळत नाही. टिकटिक करून मात्रा दाखवणारा साधा मेट्रोनोम लावावा किंवा पायाने मात्रा धरावी. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर सराव ५० वर सुरू करावा, आणि एक ओळ लागोपाठ तीनदा बिनचूक आल्यावरच चार-पाच मात्रांनी वाढवावे. गाणे पूर्ण लयीत आल्यावर ठेका खुशाल लावावा. फक्त दादऱ्याच्या गाण्याला केरव्याचा ठेका लावून दोष स्वतःला देत बसू नये.

पेडल कधी दाबावे?

पायाशी असलेले, स्वर लांबवणारे हे पेडल कॉर्ड येईपर्यंत दाबूच नये. नंतर प्रत्येक नवी कॉर्ड पडताना पाय उचलावा आणि पडल्यावर लगेच पुन्हा दाबावे. पाय तसाच ठेवला तर सा, रे, ग एकमेकांत मिसळून चिखल होतो.

मोबाइलवरचे, वरून रंगीत दिवे पडणारे व्हिडिओ पाहून शिकले तर?

एखादा स्वर कानाला सापडत नसेल तर तो पडताळून पाहायला ते ठीक आहेत. पण दिवे पाहून शिकलेले गाणे दिव्यांशिवाय येत नाही, कारण लक्षात राहतो तो दिव्यांचा क्रम, चाल नव्हे. शिवाय बरेच व्हिडिओ बोटे सांगतच नाहीत. पाहायचेच असेल तर एक ओळ पाहावी, मोबाइल पालथा ठेवावा, ती गावी आणि मग वाजवावी.

गणपतीत सोसायटीसमोर वाजवायचे आहे. तीन महिने पुरतील का?

रोज वीस मिनिटे देणार असाल तर एक मुखडा, एक अंतरा आणि डाव्या हाताच्या साध्या जोड्या एवढे तीन महिन्यांत होते. रविवारी एकदम दोन तास बसून ते होत नाही. पहिल्या महिन्यात उजवा हात, दुसऱ्यात डावा हात आणि दोन्ही एकत्र, तिसऱ्यात फक्त सलग वाजवणे, अशी मी वाटणी करते. त्या तिसऱ्या महिन्यात चूक झाली तरी थांबायचे नाही आणि मागे जायचे नाही. घरी प्रत्येक चुकीला थांबून ती दुरुस्त करणारा विद्यार्थी मांडवातही थांबतो, आणि टाळ वाजवणारी मंडळी मात्र पुढे निघून गेलेली असतात.

पेटीसारखे मांडी घालून बसले तर चालेल का?

कीबोर्ड जमिनीवर किंवा पाटावर ठेवला की मनगट वर उचलले जाते आणि पंधरा मिनिटांत दुखू लागते. खुर्चीवर बसून कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावे. घरातले टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, त्यावर कीबोर्डची जाडी चढते, म्हणून खुर्चीवर एक उशी घ्यावी लागते. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. पाटाचा खरा उपयोग तो. नखे कापलेली असावीत.

वय साठीच्या पुढे आहे. आता बोटे वळतील का?

वळतात, हळू वळतात. सांधे दुखत असतील तर दहा-दहा मिनिटांचे दोन भाग करावेत आणि सप्तकभर लांबीच्या उड्या टाळाव्यात. या वयाच्या विद्यार्थ्यांना गाणे इतके पक्के ठाऊक असते की शोधण्याचे निम्मे काम झालेलेच असते.

मध्येच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का?

नाही. बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस कोणी सरावाला बसेल अशी अपेक्षा मी सोडून दिली आहे. गरब्याहून मध्यरात्री परतलेल्या मुलांच्या बोटांत पियानोला काही उरत नाही. परत बसाल तेव्हा लय निम्मी करावी, मुखडा गाऊन घ्यावा आणि मग वाजवावा. दोन-तीन दिवसांत गाणे पूर्वीच्या जागी येते.

उत्तरायणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १५ जानेवारीनंतरच्या पहिल्या वर्गाला निम्म्या मुलांच्या उजव्या तर्जनीला मांज्याने कापल्याची पट्टी बांधलेली असते, आणि ‘आता आठवडाभर सुट्टी’ असा भाव चेहऱ्यावर असतो. त्या आठवड्यात मी उजवा हात मांडीवर ठेवायला सांगते. चाल तोंडाने म्हणायची आणि डाव्या हाताने तेवढ्या तीन कॉर्ड वाजवायच्या, रोज, समेवर.